मास्तर, अजून गाड्या खेळता?

"मास्तरसाब, उमर पस्तीसच्या पुढे गेली, अजून गाड्या खेळता?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला आहे की तोंडी उत्तरे देऊन आम्ही थकलो. विचारणाऱ्यांत शाळेच्या कमिटीतले बुजुर्ग आहेत, मशिदीच्या पायरीवर भेटणारे दोस्त आहेत, सासरची माणसे आहेत आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणारे आमचे दोन-तीन लेखक मित्रही आहेत. सगळ्यांना एकदाच उत्तर मिळावे म्हणून हा लेखी जबाब. कुणाला राग आला तर माफी असावी, पण जबाब मागे घेणार नाही.

आधी गुन्हा कबूल करतो. आमच्या घरी आईच्या जुन्या लोखंडी कपाटात, जिथे पूर्वी दुलया असायच्या, तिथे एकशे सव्वीस लहान गाड्या आहेत. बहुतेक बोटभर लांबीच्या, जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यात १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आलेली जग्वार ई-टाइप आहे, पंखासारखी वर उघडणाऱ्या दारांची १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल आहे, पोर्शे ९११ आहे, लॅम्बोर्गिनी मिउरा आहे. यातली एकही खरी गाडी आम्ही डोळ्यांनी पाहिलेली नाही. धाराशिवच्या रस्त्यावर ती दिसण्याचा संभवही नाही. आम्ही राहतो त्या गल्लीत तर रिक्षा वळवायची म्हटली तरी समोरच्याला मोटरसायकल आत घ्यावी लागते.

आता आरोपांकडे वळू.

पहिला आरोप धर्माचा. एका गृहस्थांनी आम्हाला बाजूला घेऊन हळूच सांगितले की घरात असे पुतळे मांडणे बरे नव्हे. आम्ही म्हणालो, चाचा, मनाई सांगितली जाते ती जीव असलेल्या गोष्टींच्या प्रतिमांची. मोटारीत जीव कुठे आला? आणि हदीसचेच म्हणाल तर हजरत आयेशांच्या बाहुल्यांचा आणि त्यातल्या पंख असलेल्या घोड्याचा प्रसंग तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगितला होता. पंखांचा घोडा पाहून पैगंबरांना हसू आले, राग आला नाही. चाचा गप्प झाले. पण गप्प होणे आणि पटणे यांत अंतर असते, हे आम्ही मास्तर रोज वर्गात पाहतो.

दुसरा आरोप इसराफचा, म्हणजे उधळपट्टीचा. इथे आम्ही हिशेबाची वही उघडी ठेवतो. पगार झाला की महिन्याला एक गाडी, क्वचित दोन. एकीला दीड-दोनशे रुपये. काही तर हैदराबादेत रस्त्यावरच्या जुन्या सामानात अक्षरशः भंगाराच्या भावाने मिळालेल्या. वर्षाचे मिळून तीन हजारांच्या आसपास. एवढे पैसे वाचवून गरिबाला द्यावेत हे आम्हाला मान्य आहे आणि जकात-सदक्याचा हिशेब आमचा आम्ही ठेवतो. पण आम्हाला इसराफ समजावणाऱ्या गृहस्थांनी मुलाच्या निकाहात मुलीच्या बापाकडून काय घेतले ते सारा मोहल्ला जाणतो. दारात नवी मोटरसायकल उभी आहे, तिच्या नंबरप्लेटवर अजून हार सुकतो आहे. मुलीच्या बापाने ती हप्त्याने घेतली. जहेजमध्ये दोन चाकांची खरी गाडी मागून घेणाऱ्याने आमच्या सात सेंटिमीटरच्या गाडीला उधळपट्टी म्हणावे? लग्नात दोन-दोन हजार माणसांची बिर्याणी घालायची, चार मुलांमागे एकालाही कंपासपेटी घ्यायची नाही आणि मग समाज मागे का, यावर जलसे भरवायचे. आम्ही या जलशांना जातो, खुर्च्याही लावतो. म्हणून बोलण्याचा अधिकार आहे असे समजतो.

तिसरा आरोप आमच्या लेखक मित्रांचा, आणि तो जास्त बोचरा आहे. ते म्हणतात, या महागड्या परदेशी गाड्या भांडवलदारांची स्वप्ने आहेत. आपल्या माणसाच्या पोटाचा प्रश्न सुटलेला नाही आणि तुम्ही फेरारी गोळा करता? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या अंकांनी दुःख, दंगल, तलाक, बेकारी, अज्ञान हे विषय लावून धरले. ते धरायलाच हवे होते, अजूनही धरायला हवेत. पण त्यातून एक खोड लागली आहे. मुसलमान माणूस कागदावर आला की तो रडत तरी असला पाहिजे, नाहीतर लढत तरी असला पाहिजे. त्याला छंद असू शकतो, एखादी निरुपयोगी वस्तू त्याला नुसती सुंदर वाटू शकते, हे आपल्या लोकांनाही खरे वाटत नाही. आमच्या आजोबांनी कबुतरे पाळली, पतंगाचा मांजा घरी सुतला, अत्तराच्या रिकाम्या कुप्या जपल्या. त्यांच्याकडे आमच्यापेक्षा कमी पैसा होता. गरिबाला छंद शोभत नाही असे म्हणणे म्हणजे त्याच्या गरिबीवर आणखी एक कुलूप लावणे होय.

आणि या गाड्या खरोखर श्रीमंतांच्या आहेत का? त्यांचा इतिहास पाहा. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, लंडनमध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या एकाच आडनावाच्या पण नात्यात नसलेल्या दोघांनी धातूचे ओतकाम करणारा छोटा कारखाना काढला. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून नाव ठेवले लेस्नी. जागा होती एक पडीक दारूगुत्ता. त्यांना जॅक ओडेल नावाचा कुशल कारागीर येऊन मिळाला. ओडेलच्या मुलीच्या शाळेत नियम असा होता की काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणायचे. बापाने तिला काडेपेटीत बसेल असा पितळेचा रोड रोलर करून दिला. पोरीचे रोलर पाहून बाकीची पोरे मागे लागली आणि त्यातून १९५३ साली 'मॅचबॉक्स' गाड्या निघाल्या. एका हुशार मिस्त्रीने शाळेच्या नियमाला शोधलेली ती पळवाट होती. जी गाडी फक्त लॉर्डाच्या दारात उभी राही, तिची काडेपेटीएवढी आवृत्ती मजुराच्या पोराच्या खिशात गेली. यात भांडवलशाहीचा विजय झाला की फजिती, ते मित्रांनी ठरवावे. पुढे १९८२ मध्ये लेस्नीचे दिवाळे वाजले आणि ते नाव हातोहात फिरत १९९७ मध्ये मॅटेल या अमेरिकन कंपनीकडे गेले. तिच्या 'हॉट व्हील्स' गाड्या १९६८ पासून बाजारात होत्याच. इंग्लंडच्या 'डिंकी' गाड्यांचे जुने साचे कलकत्त्यालाही आले होते आणि तिथून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या निघाल्या. तेव्हा ही वस्तू आपल्याला परकी आहे असे म्हणता येत नाही.

ओतकाम तर आमच्या जिल्ह्याला मुळीच परके नाही. विजापूरची मुलुख मैदान तोफ सर्वांना ठाऊक आहे. ती १५४९ साली अहमदनगरला एका रूमी, म्हणजे तुर्की, उस्तादाने ओतली आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली जाण्यापूर्वी ती आमच्या परंड्याच्या किल्ल्यात होती. आमची मुले सहलीला परंड्याला जातात, उरलेल्या तोफांवर बसून फोटो काढतात आणि परत येतात. एवढा धातू वितळवला कसा, साचा कशाचा होता, असे एकही मूल विचारत नाही, कारण आम्ही त्यांना विचारायला शिकवलेले नाही. छोट्या गाडीचे तंत्र त्याच कुळातले आहे. जस्तात चारेक टक्के अॅल्युमिनियम, थोडे तांबे, किंचित मॅग्नेशियम मिसळायचे आणि वितळलेला रस दाब देऊन पोलादी साच्यात मारायचा. क्षणात तो थिजतो, साचा उघडतो, गाडीचे अंग बाहेर पडते. या रसात शिशाचा अंश जास्त गेला तर पहिली काही वर्षे काहीच कळत नाही. मग अंगावर बारीक भेगा पडतात, गाडी फुगते आणि एक दिवस बोटात चुरा होतो. युद्धापूर्वीच्या कितीतरी जुन्या गाड्या अशा गेल्या. हा रसायनशास्त्राचा धडा आम्हाला बी.एड.ला कुणी शिकवला नाही, तो कपाटातल्या गाड्यांनी शिकवला.

जमवणाऱ्यालाही आमच्या जिल्ह्यात मान आहे. तेरला जाऊन पाहा. प्राचीन तगर म्हणजे हेच गाव. गावात सापडणारे मणी, मातीच्या मूर्ती, नाणी, भांडी रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून जपली आणि त्यातूनच आजचे सरकारी संग्रहालय उभे राहिले. विद्यापीठाची पदवी नसली तरी माणसाला वस्तूकडे पाहण्याची नजर असू शकते, याचा पुरावा आमच्या घरापासून तासाभराच्या आत आहे. पुण्यात अरविंद गुप्ता या इंजिनियरने ट्रक बनवणाऱ्या कंपनीतली वाट सोडली आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी करत आयुष्यभर विज्ञान शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना कुणी विचारले असेल, अजून खेळता? विचारले असेल तर बरेच झाले. त्यांनी थांबण्याचे काही मनावर घेतलेले दिसत नाही.

इथवर बचाव झाला. आता फिर्याद.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठवीला गणितात गुणोत्तर शिकवत होतो. आमच्या उर्दू पुस्तकात गुणोत्तराला 'निस्बत' म्हणतात. निस्बत म्हणजे नातेही, सोयरीकही. मुलांना हा शब्द घरून ठाऊक असतो, फक्त गणितातला ठाऊक नसतो. आम्ही खिशातून जग्वार काढली. या आकाराच्या गाड्यांना सरसकट एकास चौसष्ट म्हणतात. खरी गाडी सुमारे चार मीटर पंचेचाळीस सेंटिमीटर. भागा चौसष्टने. मुलांनी भागले, पट्टी लावली, सात सेंटिमीटरला जरा कमी. बरोबर! वर्गात टाळ्या पडल्या. मग एका मुलाने आम्ही आणलेला कचऱ्याचा ट्रक उचलला. तोही सातच सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी त्याने वडिलांच्या शेजारच्या गॅरेजात उभा असलेला ट्रक टेपने मोजून आणला, साडेसात मीटर. फळ्यावर येऊन भागाकार केला आणि म्हणाला, "सर, ये तो एक को एक सौ सात आरा. कंपनीवाले झूठ बोलरे." खोटे नव्हे, पाकिटात मावावी म्हणून सगळी वाहने एकाच मापाची केलेली असतात, पण त्याने पकडले ते बरोबर होते. आठवीच्या मुलाने कंपनीची चोरी पकडली, स्वतः मोजून पकडली. याला गणित म्हणतात.

तो तिथेच थांबला नाही. लांबी चौसष्टपट कमी, तर वजनही चौसष्टपट कमी का, असे त्याने विचारले. आम्ही त्याला घनाकडे नेले. चौसष्टचा घन दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस. खरी गाडी बाराशे किलोची धरली तर छोटी साडेचार-पाच ग्रॅमची व्हायला हवी. सराफाच्या काट्यावर ठेवून पाहिली तर तीस ग्रॅमच्या वर भरली. का? मुलगा दोन दिवस विचार करत होता. त्याचा बाप डेंटिंग-पेंटिंगवाला. तिसऱ्या दिवशी उत्तर आले: "सर, असली का पत्रा इत्ता मोटा नई रहता. इसका पत्रा भी एक मिलीमीटर है. चौसठ गुना करो तो सर, दीवार होती." आम्ही बारा वर्षे शिकवतो आहोत. असे उत्तर आम्हाला कुणी दिले नव्हते. ते त्याला पुस्तकातून सुचले नव्हते; बापाच्या हातोड्याखालच्या पत्र्याकडे पाहून सुचले होते.

आणि मग काय झाले? वर्गात खेळ चालतो अशी तक्रार गेली. आम्हाला बोलावून सांगण्यात आले की अभ्यासक्रम पूर्ण करा, तमाशे नकोत. आम्ही सांगितले की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एनसीईआरटीने खेळण्यांतून शिकवण्यावर पुस्तिका काढली आहे. उत्तर मिळाले, ते मोठ्या शाळांसाठी. आम्ही गाड्या पिशवीत भरून घरी नेल्या. इथे आम्ही कमी पडलो. भांडायला हवे होते, भांडलो नाही.

त्याच सत्रात पालकसभा झाली. आमच्यापैकीच एका शिक्षकाने मुलांना दम भरला, "नहीं पढ़ोगे तो गॅरेज में पाना पकड़ोगे!" समोर त्या मुलाचा बाप बसला होता. हात स्वच्छ धुऊन, धुतलेला शर्ट घालून आला होता. नखांत तरी काळे होतेच, ते पेट्रोलनेही निघत नाही. त्याने मान खाली घातली. आम्ही त्याच्याकडे पाहिले आणि आम्हीही मान खाली घातली. नववीच्या दिवाळीनंतर मुलगा शाळेत आला नाही. पुण्याला मामाच्या गॅरेजात गेला. आम्ही बापाला भेटलो तेव्हा तो म्हणाला, "मास्तरसाब, जिस जगह की आप धमकी देते, उसीच जगह का तो खाते हम." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

म्हणून हा लेख. आपल्या मोहल्ल्यातली निम्मी पोरे मोटारीच्या आसपास पोट भरतात. कुणी पंक्चर काढतो, कुणी पत्रा ठोकतो, कुणी सीट शिवतो, कुणी भंगारात इंजिन खोलतो. लांबी भरून घासलेल्या दारावर हात फिरवून डोळे मिटून खड्डा सांगणारी माणसे आमच्या गल्लीत आहेत. मोटारीचे हे ज्ञान आपल्या घरात आहे आणि शाळेत आपण त्याची शिवी केली आहे. मग पोरगा शाळेत येतो तेव्हा बापाला घरी ठेवून येतो, आणि गॅरेजात जातो तेव्हा गणित शाळेत ठेवून जातो. या दोन जागांमध्ये निस्बत जोडणारी एक सात सेंटिमीटरची गाडी आम्हाला सापडली होती. तिला तुम्ही खेळणे म्हणालात. ते खेळणेच आहे. पण तुमच्या खडू-फळ्याने ते काम इतकी वर्षे का केले नाही, याचे उत्तर द्या.

निजामाच्या पिवळ्या रोल्स-रॉइसच्या गोष्टी आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला फार सांगितल्या. १९१२ ची ती गाडी हैदराबादेत चौमहल्ला महालात काचेआड उभी आहे; हजारो लोक पाहायला जातात, आम्हीही जाऊन आलो. गाडी देखणी आहे. पण गतवैभवाच्या त्या गाडीपुढे उभे राहून छाती फुगवणाऱ्या आमच्या माणसाला, ती गाडी कुणी पुसली, कुणी चालवली, बिघडल्यावर कुणी दुरुस्त केली, हा प्रश्न पडत नाही. मालकाचा अभिमान आपण मिरवतो आणि मिस्त्रीची लाज बाळगतो. आपण कुणाचे वारस आहोत ते एकदा ठरवून टाकू.

शेवटी स्वतःच्या बिरादरीला दोन शब्द, नाहीतर आम्ही न्यायाने बोललो असे होणार नाही. गाड्या जमवणाऱ्यांत अलीकडे एक रोग शिरला आहे. पाकीट फोडायचेच नाही. कंपनी १९९५ पासून काही दुर्मीळ गाड्या मुद्दाम थोड्याच काढते. त्या दुकानात आल्या की पोरांच्या आधी मोठ्यांनी गठ्ठा उचलायचा, सहा महिने दडवायचा आणि दहापट भावाने विकायचा. २०२० मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७० टक्के झाले. परदेशी माल महागल्याने या साठेबाजांना आणखी जोर चढला. याला छंद म्हणू नये, ही धान्याच्या आडत्याची वृत्ती आहे. आणि आम्ही तरी कुठले साधू? सोलापूरच्या एका दुकानात आम्ही मिउरा गाडीची शेवटची दोन पाकिटे उचलली होती. शेजारी आईचे बोट धरून उभा असलेला सहा-सात वर्षांचा मुलगा आमच्या हाताकडे पाहत होता. एक खेळायला आणि एक ठेवायला, असे मनाशी म्हणत आम्ही दोन्हींचे पैसे दिले. एस.टी. तुळजापूरच्या पुढे येईपर्यंत ते पोर डोळ्यांसमोरून हलेना. ठेवायची म्हणून घेतलेली ती मिउरा पुढे आम्ही त्या आठवीच्या मुलाला दिली. बाकीची सगळी पाकिटे त्याच आठवड्यात फोडली.

आमची मागणी मोठी नाही. उर्दू शाळेला एक कपाट द्या. त्यात गाड्या ठेवू, त्यांच्या शेजारी खऱ्या गाडीचा घासलेला ब्रेक लायनर, तुटलेला पिस्टन, बेअरिंग ठेवू. भंगारवाल्या चाचांनी फुकट देण्याचे कबूल केले आहे. महिन्यातून एका शनिवारी एखाद्या मिस्त्रीला वर्गात बोलावू, खुर्ची देऊ आणि मुलांना म्हणू, विचारा. पहिला कोण येणार हेही ठरले आहे. बापाने होकार दिला आहे, मात्र एक अट घातली आहे: पोरगा पुण्याहून सुटीला येईल तेव्हाच येईन, त्यालाही वर्गात बसू द्या.

तेव्हा कमिटीच्या बुजुर्गांनी आम्हाला आता एवढेच सांगावे, कपाटाची किल्ली कधी देता?